टाकी, खिडकी आणि अक्षयनीवी

रौप्यमहोत्सवी मेळाव्यासाठी गेल्या डिसेंबरात आम्ही एकाच तुकडीचे सात माजी विद्यार्थी शाळेत दोन रात्री मुक्कामाला होतो. पाहुण्यांची सोय गावात केलेली होती, परंतु आमचा आग्रह जुन्या वसतिगृहातच निजण्याचा होता. गृहपाल सरांनी हसून परवानगी दिली आणि लहान मुलांच्या दालनात भिंतीकडेच्या सात गाद्या आमच्या वाट्याला आल्या. गप्पांना ऊत आला होता; दिवे मालवायला उशीर झाला. पहाटे चारच्या सुमारास एकेक जण जागा झाला तो जड डोक्याने आणि कोरड्या घशाने. वय झाले आपले, असे एकजण म्हणाला. दुसऱ्याने उशाशी ठेवलेले छोटे यंत्र उचलून पाहिले. इमारतींत हवा खेळती ठेवण्याची कामे करणे हा त्याचा व्यवसाय आहे आणि ते यंत्र सहज म्हणून तो सोबत घेऊन आला होता. रात्री दहाला त्यावर ६४० हा आकडा होता. पहाटे तो ३१०० झाला होता.

हा आकडा हवेतील कार्बन डायऑक्साइडचा, दहा लाख भागांत किती भाग, असा असतो. मोकळ्या अंगणात तो सुमारे ४२० येतो. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच सांगून ठेवले होते की माणसांनी भरलेल्या खोलीत तो हजाराच्या वर जाऊ देऊ नये. तीन हजारांनी कोणी गुदमरून मरत नाही, हे खरे. त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. माणसाच्या उच्छ्वासात हा वायू सुमारे चार टक्के असतो, म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार. त्यावरून हिशेब केला तर त्या पहाटे दालनातील प्रत्येक मूल घेत असलेल्या साधारण पंधरा श्वासांपैकी एक श्वास आधी कोणाच्या तरी छातीतून जाऊन आलेला होता. त्या दालनात चाळीस मुले निजतात. एकाला गोवर असो, फ्लू असो, किंवा न ओळखलेला क्षय असो, तो आजार याच वाटेने शेजारच्या गादीवर पोचतो. आणि सकाळी पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याने रात्रभर कोणती हवा घेतली याचा विचार आपण शिक्षक-पालकांनी करावा, असे आम्हाला वाटते.

दालनाच्या खिडक्या बंद का होत्या, याची चौकशी केली तेव्हा कोणाचाच दोष निघाला नाही. आमच्या वेळी तेथे लाकडी झडपांच्या खिडक्या होत्या आणि छताखाली दोन्ही भिंतींना झरोके होते. एका दात्याच्या उदारतेने खिडक्या बदलून सरकत्या काचांच्या झाल्या. त्या दिसतात सुंदर, पण उघडल्या तरी निम्म्याच उघडतात. कूलर बसवताना झरोके प्लायवूडने बंद झाले आणि कूलर बिघडून गेल्यावरही ते प्लायवूड तसेच राहिले. खिडक्यांना डासांची जाळी नाही. त्यामुळे संध्याकाळ झाली की मुले काचा लावून घेतात आणि कोपऱ्यात कॉइल पेटवतात. एक कॉइल जळून जाते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटी जळाव्यात इतके सूक्ष्म धूलिकण हवेत सोडते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. आपण मुलांना तंबाखूविरोधी शपथ देतो आणि रात्री त्यांच्या उशाशी हे जळत असते.

पालीत खिडकीला ‘वातपान’ असा शब्द आहे. विनयपिटकात विहारासाठी वेदिकेची, जाळीची आणि गजांची अशा तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुज्ञा आहे. धूर बाहेर काढणाऱ्या नळीलाही आहे. खिडक्या केव्हा उघडाव्यात आणि केव्हा लावाव्यात हेसुद्धा तेथे निवासाच्या कर्तव्यांत सांगितले आहे. प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे की थंडीत रात्री खिडक्या लावून घ्याव्यात असेच तेथे म्हटले आहे, आमच्या म्हणण्याच्या उलट! पण ज्या खिडक्यांना जाळी आणि गज होते, त्यांतून लावल्यावरही थोडाफार वारा येत असावा. आमच्या मित्राचे म्हणणेही तेच आहे. थंडीत कुडकुडत निजण्याची गरज नाही. छताखालचे झरोके दोन्ही बाजूंनी मोकळे केले तर श्वासाची ऊबदार हवा वर चढून आपोआप बाहेर जाते, खालच्या काचा बहुतांशी लावलेल्या असल्या तरी.

स्वयंपाकघराबद्दल थोडेच लिहितो. गॅस आला आहे, वरण-भात त्यावर होतो. परंतु तीनशे मुलांच्या ज्वारीच्या भाकरी अजून लाकडावर भाजल्या जातात आणि चुलीवरचे धुराडे वर कोठेतरी तुंबलेले आहे. आम्ही मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, “सवय झाली बाप्पा, धूर नसला तं भाकर भाजल्यासारखीच वाटत नाही.” बोलता बोलता त्या तीनदा खोकल्या. ज्या हातांनी आम्हा सर्वांना वाढले, त्यांच्यासाठी एक धुराडे झाडून घेणे आपल्याला पंचवीस वर्षांत सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची एक वर्गमैत्रीण येऊन मिळाली. ती आज आरोग्यसेविका आहे. तिच्या पिशवीत ओ.टी. चाचणीची कुपी नेहमी असते. नळाचे पाणी नळीत घेऊन थेंब टाकले की पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. नळाला येणाऱ्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन उरलेला असावा, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते. गावच्या नळयोजनेचे पाणी शाळेच्या फाटकापाशी येते तेथे फिकट पिवळा रंग आला. वसतिगृहाच्या नळांना काहीच आला नाही. गावाने पाणी शुद्ध करून दिले होते. ते असुरक्षित झाले ते आपल्या आवारात आल्यावर.

आम्ही टाकीवर चढलो. वीस हजार लिटरच्या त्या सिमेंटच्या टाकीचे झाकण एका कोपऱ्याने फुटलेले होते, बाजूला कबुतरांची पिसे होती आणि तळाशी बोटभर गाळ. असा गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. वरून कितीही शुद्ध पाणी सोडले तरी खाली उतरेपर्यंत त्यातले संरक्षण संपलेले असते. टाकीच्या भिंतीवर रंगवलेली शेवटच्या सफाईची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती.

येथे काहीजण म्हणतील की भोजनगृहात आरओ यंत्र आहे ना. आहे. त्यावर दात्यांचे नाव पितळी अक्षरांत आहे आणि आतला पडदा तीन वर्षे बदललेला नाही. मुळात आमच्या पाण्याला त्या यंत्राची गरज होती का, हे कोणी विचारले नाही. पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा मानकाने ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे. आपल्या पाण्याचा अहवाल ४०० च्या आत आहे, फ्लोराइडही मर्यादेत आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडील काही गावांत फ्लोराइडने हाडे-दात बिघडतात, अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट आहे. तेथे अशा यंत्रांचे काम आहे, कारण उकळून क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. आपले दुखणे जंतूंचे आहे. त्यावरचा उपाय हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावात जिला टीसीएल म्हणतात ती, आणि अर्धा तास धीर एवढाच आहे. वीस हजार लिटरला शंभर ग्रॅम. मात्र ती पावडर कोरड्या जागी झाकून ठेवावी लागते, नाहीतर क्लोरीन उडून जातो आणि हाती नुसता चुना राहतो. शाळेच्या भांडारात आम्हाला तिची उघडी पिशवी मिळाली.

हे सारे आम्ही इतक्या तपशिलाने का सांगत आहोत? आमच्या तुकडीला त्याचे कारण ठाऊक आहे. आम्ही नववीत असताना वसतिगृहात काविळीची साथ आली होती. सतरा मुले पिवळी पडली. त्या वर्षी गावात एक दिवसाआड पाणी येई. पाणी बंद झाले की रिकाम्या नळात ओढ निर्माण होते आणि सैल सांध्यातून बाहेरचे पाणी आत शोषले जाते. आमचा नळ मोरीच्या गटाराला चिकटून जात होता. हे कळायला फार उशीर झाला. कावीळ पाण्यातून शरीरात शिरल्यावर दिसायला दोन आठवड्यांपासून कधी दोन महिनेसुद्धा लागतात. मुले आजारी पडली तेव्हा तपासणीला पाठवलेले पाणी निर्दोष निघाले, आणि मुलांनी बाहेरचे काहीतरी खाल्ले असा निष्कर्ष काढून आम्हा सर्वांना बोलणी बसली. पुढे गावच्या जलसुरक्षकाने गटार उकरून तो सांधा दाखवला.

सतरांपैकी सोळाजण बरे होऊन परत आले. सतरावा आमच्याच ओळीत निजत असे. गणितात तो आम्हा सर्वांच्या पुढे होता. त्याची आई एसटीने आली आणि त्याला घरी घेऊन गेली. तो बरा झाला, पण औषधपाण्याला घेतलेले पैसे फेडण्यासाठी त्या हंगामात कामाला लागला, आणि कामाला लागलेले मूल वह्यांकडे परत येत नाही. त्याचे नाव माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नाही, कारण यादी दहावीच्या निकालावरून करतात.

मेळाव्यात हा विषय आम्ही काढला तेव्हा आदराने ऐकले गेले. पण चहाच्या वेळी एका ज्येष्ठ बंधूंनी खांद्यावर हात ठेवून म्हटले की आम्ही विहिरीचे, ओढ्याचे पाणी प्यायलो, एका खोलीत पन्नास निजलो, आम्हाला काय झाले? त्यांच्या कष्टांपुढे आमचे मस्तक नम्र आहे. तरीही उत्तर दिले पाहिजे. ज्यांना काही झाले ते त्या मंडपात नव्हते. त्यांना निमंत्रणपत्रिका गेलेली नव्हती. जे टिकले त्यांच्याकडे पाहून जागा निरोगी होती असे ठरवता येत नाही.

या स्मरणिकेच्या वाचकांना महाडची गोष्ट सांगण्याची गरज नाही, तरी तिच्यातील एका बाजूकडे लक्ष वेधावेसे वाटते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. दोन्ही ठराव कागदावर राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या लोकांसह पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेले तेव्हा त्या ठरावांना अर्थ आला, आणि त्यावरचा न्यायालयीन झगडा संपायला १९३७ उजाडले. तुलना फार मोठी आहे आणि ती करताना संकोच वाटतो. परंतु आपल्या संस्थेच्या इतिवृत्तातही दर तीन महिन्यांनी टाकी धुण्याचा ठराव आहे. आम्ही तो शोधून वाचला. तो एकमताने मंजूर झालेला आहे.

मग अडते कोठे? गृहपाल सर, मुख्याध्यापक, शिपाई काका यांच्या निष्ठेबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. एकटे काका पाणी सोडतात, घंटा देतात, बँकेत जातात आणि रात्री फाटकही लावतात. अडते ते आपल्यापाशी, देणाऱ्यांपाशी. आपल्यातील प्रत्येकाला शाळेला एखादी वस्तू द्यावीशी वाटते. यंत्र, कपाट, पंखे, खिडक्या, पुतळ्याभोवतीचे कठडे. वस्तूवर नाव घालता येते, अर्पणाचा फोटो निघतो. धुतलेल्या टाकीवर नाव कोठे घालणार? त्यामुळे शाळेत वस्तू वाढत गेल्या आणि त्यांची देखभाल करायला पैसा उरला नाही. आमच्या तुकडीने दिलेले पंखेही त्यात आले. त्यांतील तीन फिरत नाहीत.

आपल्या पूर्वजांची दान देण्याची रीत याहून शहाणी होती. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने लेणे खोदवले, पाण्याच्या पोढ्या खोदवल्या आणि तेवढ्यावर न थांबता ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २००० दरमहा एक टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, वापरायचे ते व्याज. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. बारा गुणिले वीस म्हणजे २४०, आणि २००० वर दरमहा टक्क्याने वर्षाचे व्याजही २४०. हिशेब आजही जुळतो. या ठेवीला लेखात अक्षयनीवी म्हटले आहे. पुढे त्याच लेण्यात विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशीच नीवी ठेवल्याचा लेख आहे, आणि ज्या श्रेणींकडे तिने ठेव दिली त्यांत कुंभार आहेत, तेली आहेत, पाण्याची यंत्रे करणारे ओदयंत्रिकही आहेत. भिक्षूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र मोजणारी ही परंपरा. पाण्याची काळजी तिला नवी नव्हती आणि ती काळजी पैशाच्या व्यवस्थेशी जोडायला ती संकोचलीही नाही.

म्हणून आमचे मत स्पष्टपणे मांडतो. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून प्रवेशद्वारी कमान उभारण्याचा विचार चालू आहे आणि तिचे अंदाजपत्रक सहा लाखांचे आहे. कमानीला आमचा विरोध नाही, पण ती थांबू शकते. तेच सहा लाख शाळेच्या नावाने मुदतठेवीत ठेवावेत, मुद्दल मोडू नये, आणि साडेसहा टक्के धरले तरी वर्षाला येणारे सुमारे ३९ हजार रुपये पाणी व हवा यांखेरीज कशावरही खर्चू नयेत. वर्षातून चारदा टाकी धुणे, टीसीएल आणि चाचणीच्या कुप्या, पावसाळ्याच्या आधी व नंतर भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी, जाळ्यांची आणि मच्छरदाण्यांची दुरुस्ती, धुराडे झाडणे. एवढे त्यात बसते, असा आमचा अंदाज आहे. जाळ्या बसवण्याचा आणि गटारापासून नळ दूर नेण्याचा पहिला खर्च मात्र वेगळा लागेल. तो आमच्या तुकडीने उचलला आहे आणि त्यावर नाव घालू नये, अशी विनंती केली आहे.

आणखी एक सुचवतो. रोज सकाळी वसतिगृहाच्या शेवटच्या नळावर ओ.टी. चाचणी मुलांनीच करावी आणि रंग कसा आला ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहावे. पहिल्या नळावर करून उपयोग नाही. सर्वांत दूरच्या नळापर्यंत क्लोरीन पोचला तरच तो सर्वांना मिळाला. आठवी-नववीची मुले हे सहज करतील, विज्ञानाचा तासही होईल. फळा कोरा दिसला तर भेटीला आलेल्या पालकांनी गृहपाल सरांना अवश्य विचारावे. विचारणे हा अविश्वास नव्हे, हे सरांनीच आम्हाला सांगितले आहे.

शहरात स्थायिक झालेल्या बंधू-भगिनींनी ही खेड्यातल्या शाळेची कथा समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले तेव्हा संशय पाण्यावरच आला होता. आपल्या सोसायटीची टाकी शेवटची केव्हा धुतली, आणि न्हाणीघरातील गॅस गीझर लावताना झरोका उघडा असतो की नाही, हे घरी जाऊन पाहावे. बंद न्हाणीघरात गीझरच्या वायूने माणसे गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो.

टाकीची पहिली सफाई उन्हाळी सुटी संपण्याआधीच्या रविवारी, सकाळी सातला ठरवली आहे. नवे झाकण आम्ही घेऊन येत आहोत, खराटे आणि पावडर वर्गमैत्रीण आणणार आहे, आणि शिडी शाळेत आहेच. टाकीत एका वेळी चौघेच उतरू शकतात. पण झरोक्यांवरचे प्लायवूड काढायला आणि मावशींचे धुराडे उघडायला जास्त हात लागतील. ज्यांना येणे जमेल त्यांनी गृहपाल सरांना आधी कळवावे, म्हणजे भाकरीचा अंदाज येईल. सतराव्या मित्राचा पत्ता आम्हाला मिळाला आहे. त्यालाही बोलावले आहे.